सूत्रासाठी सोडलेली जागा

(द्वितीय वर्ष, कला)

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळीला ओळ लागू नये, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे बारीकसारीक नियम त्यांनी तेथे सांगितले आहेत. पानाच्या भोवती जागा सोडावी, हाही त्यांतलाच एक नियम. (त्या कोऱ्या जागेलाही आपण समासच म्हणतो, ही आपल्या भाषेची गंमत.) आणि ही जागा का सोडावी, तर कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाऊ नये म्हणून. म्हणजे मजकुराची मांडणी हा समर्थांच्या लेखी शोभेचा प्रश्न नव्हता. ग्रंथ टिकावा आणि पुढच्याला वाचता यावा, यासाठी ती होती.

हे आठवण्याचे कारण म्हणजे आम्हां विद्यार्थ्यांचे प्रकल्प. हाताचे अक्षर आता परीक्षेपुरते उरले आहे. बाकी सर्व लेखन संगणकावर टंकलिखित करून, बांधणी करून द्यावे लागते. मराठी माध्यमातून शिकणारा कला शाखेचा विद्यार्थी आपला हस्तलिखित मजकूर डीटीपीच्या दुकानात नेऊन देतो, चार दिवसांनी छापील प्रती घेऊन येतो, पानामागे पैसे मोजतो आणि सुटलो म्हणतो. या व्यवहारात आपण काय गमावतो, हे मला या लेखात सांगायचे आहे.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यांचे भाव घेतले. वडील तेथेच हमाली करतात, त्यामुळे भाव मिळवायला अडचण आली नाही. रोजच्या भावांची सरासरी काढली, आणि भाव सरासरीपासून किती हलतो हे दाखवण्यासाठी प्रमाण विचलन काढले. सहा पानी हस्तलिखितात सूत्रे होती अवघी तीन. शहरातील एका दुकानात ते दिले, तर टंकलेखक म्हणाले, "ताई, हे वर्गमूळ आमच्या फॉन्टात बसत नाही. जागा सोडतो, तुम्ही पेनाने लिहा." माणूस भला होता. त्याने जागा खरोखरच मोजून सोडली. पण दुसऱ्या एका सूत्राचा अपूर्णांक त्याने एका ओळीत सपाट करून टाकला. अंश, मग तिरकी रेघ, मग छेद. आता वर्गांची बेरीज १८० आहे आणि निरीक्षणे १० आहेत असे धरा. छेदात '१० वजा १' आहेत, म्हणजे उत्तर २० येते आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ४.४७. तेच कंस न घालता एका ओळीत लिहिले, तर वाचणारा १८० ला १० ने भागून त्यातून १ वजा करतो. उत्तर १७, वर्गमूळ सुमारे ४.१२. अक्षर एकही चुकलेले नाही आणि गणित मात्र बदलले!

माझ्या दोन मैत्रिणींनी तर ही कटकट नको म्हणून सूत्रेच काढून टाकली आणि 'भावांत बरीच तफावत आढळते' एवढ्या वाक्यावर भागवले. मला खरी चिंता वाटते ती याची. सूत्राविना अर्थशास्त्राचा प्रकल्प म्हणजे काट्याविना गुळाचा सौदा. सूत्र छापता येत नाही म्हणून लिहायचे नाही, लिहायचे नाही म्हणून शिकायचे नाही, आणि मग 'मराठी माध्यमाच्या मुलांना गणित जमत नाही' हे ऐकून घ्यायचे, असा हा उतार आहे.

मराठीचा आणि गणिताचा काही वाकडेपणा आहे काय? मुळीच नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली, ती पद्यात. पद्याला सूत्राच्या मांडणीची अडचणच नव्हती. पण त्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींसाठी चिन्हे आहेत, आणि ती म्हणजे आपलीच अक्षरे: यावत्तावत् या शब्दातला 'या', कालकातला 'का', नीलकातला 'नी'. ऋण संख्येच्या डोक्यावर ते टिंब देत. छापखान्याचे युग आले तेव्हा, १८४६ साली निवर्तलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी शून्यलब्धी हे कलनशास्त्रावरचे पुस्तक मराठीत लिहून ठेवले होते. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला देवनागरीची काना, मात्रा, जोडाक्षरे सांभाळून गणिताची चिन्हे बसवायची म्हणजे केवढा व्याप असेल! तरीही आपल्या भाषेत गणिताची पुस्तके निघाली. आज हाताशी संगणक असताना आपण पेनासाठी जागा सोडतो आहोत.

दोष टंकलेखकाचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्याच्या यंत्रावर बहुधा पेजमेकर असते. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली आणि तिला युनिकोड समजत नाही. म्हणून तो जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतो. या फॉन्टांची करामत अशी की संगणकाच्या पोटात साठतात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे, आणि त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फॉन्ट ज्या यंत्रावर आहे तेथे मराठी दिसते. फाईल घरी आणली, दुसऱ्या यंत्रावर उघडली, की मुखवटा गळून पडतो आणि कंस, टक्के, स्वल्पविराम यांची खिचडी समोर येते. युनिकोडची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीतच देवनागरी होती. म्हणजे आपल्याला तीस वर्षांहून अधिक काळ मिळाला आहे.

याचा परिणाम पाहायचा असेल तर शोधगंगा उघडावी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने चालवलेले हे देशभरातील प्रबंधांचे भांडार आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही तेथे आहेत. त्यांतले मराठी प्रबंध मी काही दिवस चाळले. कित्येक प्रबंधांत एखादा शब्द शोधू गेले तर सापडत नाही, कारण ती पाने म्हणजे केवळ चित्रे आहेत. काहींतली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली, तर तीच खिचडी. कोणीतरी पाच-सात वर्षे खपून केलेले काम, आणि ते शोधणाऱ्याला जणू नाहीच! समर्थांच्या काळी कागद झडला तरी अक्षर राहावे म्हणून समास सोडत. येथे कागद शाबूत आहे आणि अक्षर गेले आहे.

यावर उपाय आहे, तो अवघड नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. पहिली गोष्ट, आपला मजकूर आपणच युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. भारत सरकारने १९८६ साली प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक प्रत्येक संगणकात असतो, फक्त चालू करावा लागतो. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे, आणि 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबली की 'ख', अशी त्याची रचना आहे. ज्याला बाराखडी येते त्याला तो पंधरा दिवसांत येतो. आमच्या वर्गातील कित्येक मुली टंकलेखनाची मराठी तीसची शासकीय परीक्षा देतात, पण स्वतःचा प्रकल्प मात्र दुकानात देतात, याचे मला नवल वाटते.

मराठी टंकलेखनातल्या काही खाचाखोचा मात्र दुकानदारही सांगत नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द पाहा. एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हिंदीला हा फरक लागत नाही, म्हणून तो करायची सोय पुष्कळांना ठाऊकच नसते आणि 'दुसऱ्या' हा शब्द रफार देऊन छापला जातो. इनस्क्रिप्टमध्ये 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबून येणारा खालच्या टिंबाचा 'ऱ' घ्यावा, मग हलन्त, मग 'य'. झाले. दुसरी खोच विसर्गाची. 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबे दिली, तर डोळ्याला फारसे कळत नाही, पण संगणकाच्या लेखी तो शब्द मधोमध तुटतो. 'ॲ'चेही तसेच. 'अ' काढून त्यावर चंद्र दिला तरी तसाच दिसतो, पण युनिकोडमध्ये २००८ पासून 'ॲ'ला स्वतंत्र स्थान आहे. एकाच लेखात दोन्ही प्रकार आले, तर 'ॲडम स्मिथ' शोधताना निम्मे ॲडम स्मिथ सापडतात.

अंकांबद्दल तर मी आग्रहाने बोलेन. देवनागरी वापरा किंवा आंतरराष्ट्रीय वापरा, पण एका तक्त्यात दोन्ही नकोत. आपला चार हा त्यांच्या आठासारखा दिसतो आणि आपला एक त्यांच्या नवासारखा. गुळाच्या भावाच्या तक्त्यात असा घोळ झाला तर क्विंटलमागे किती रुपये इकडचे तिकडे होतील, विचार करा. मी हिशेबाचा तक्ता आंतरराष्ट्रीय अंकांत करते आणि छापण्याच्या मजकुरात देवनागरी अंक देते. काहींना हे दुप्पट काम वाटेल. मला मराठी पानात मराठी अंक बरे वाटतात, एवढेच त्याचे कारण.

मांडणीबद्दल इंग्रजीचे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. इंग्रजीत शब्द उठावदार करायला अक्षरे तिरकी करतात. देवनागरीत तिरके अक्षर म्हणजे ढकलून दिल्यासारखे दिसते, तेथे ठळक अक्षर वापरावे. शब्दाखाली रेघ ओढली की ती उकारांच्या पायांतून जाते. शीर्षक लांब दिसावे म्हणून दोन अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे होतात. लग्नपत्रिकांत हा प्रकार सर्रास दिसतो. आणि ओळींमध्ये दीडपट अंतर हवेच, कारण आपल्या अक्षराला वर मात्रा आहे आणि खाली उकार आहे. समर्थांनी ओळीला ओळ लागू नये म्हटले ते याचसाठी.

फॉन्टही पारखून घ्यावा. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फुकट मिळतो. मुंबईच्या आयआयटीतून निघालेला शोभिका तर अभ्यासग्रंथांसाठीच केलेला आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपे ठरवून दिली आहेत. हिंदीसाठी केलेल्या फॉन्टांत ती बहुधा दिसत नाहीत. परीक्षक यावरून गुण कापणार नाहीत, पण आपल्या डोळ्यांना आपले 'ल' आणि 'श' कळावेत, एवढी अपेक्षा काही जास्त नाही.

आता सूत्रांकडे वळते. १९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. पूर्वीची आवृत्ती धातूच्या खिळ्यांची होती. नवीची प्रुफे फोटोच्या तंत्राने जुळवून आली आणि ती त्यांना पाहवेनात. दुसरा कोणी प्रकाशकाला पत्र लिहून गप्प बसला असता. कनूथ यांनी हातातले काम बाजूला ठेवले आणि गणित जुळवणारी संगणकप्रणाली स्वतःच रचायला घेतली. तिचे नाव टेक. लवकरच होईल असे वाटलेले ते काम पुरे व्हायला दहा-एक वर्षे गेली, आणि मग त्यांनी ते जगाला फुकट देऊन टाकले. तिच्या आवृत्त्यांचे क्रमांक ३.१४, ३.१४१ असे पायच्या किमतीकडे सरकत जातात, यावरून माणसाची वृत्ती कळते! पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तीवर सामान्य लेखकाला वापरता येईल असा साज चढवला, तो लाटेक.

लाटेकमध्ये आपण मजकूर रंगवत नाही, तो काय आहे ते सांगतो. 'हे प्रकरणाचे नाव', 'हा तक्ता', 'हा अपूर्णांक', आणि महिरपी कंसांत अंश व छेद. वर्गमूळाचे छत किती लांब हवे, बेरजेच्या चिन्हाखाली काय येते, ते यंत्र स्वतः मोजते. सूत्रांना क्रमांकही तेच देते. मध्ये एक सूत्र वाढले तर पुढचे सारे क्रमांक, आणि मजकुरात जेथे जेथे त्यांचा उल्लेख असेल तेथले आकडेही आपोआप बदलतात. देवनागरीची सोय तेथे पूर्वीपासून आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थाउस यांनी १९९१ साली ती केली, पण तीत मराठी रोमन अक्षरांत टंकलिखित करावी लागे. २००४ साली जोनाथन क्यू यांचे झीटेक आले आणि युनिकोड सरळ चालू लागले. मराठी शब्द ओळीच्या शेवटी कोठे तोडावा याचे नियमही आता त्यात घातलेले आहेत, त्यामुळे आपल्या लांबलचक सामासिक शब्दांमुळे ओळीत पडणाऱ्या खिंडारी कमी होतात. ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांच्यासाठी सांगते, लाटेकची ओळख मराठीतून करून देणारे पुस्तक सिटॅन या टेकच्या भांडारात विनामूल्य आहे. मी त्यावरच शिकले. घरी संगणक नसल्याने महाविद्यालयाच्या कक्षात, ओव्हरलीफ या संकेतस्थळावर काम करते.

तरीही प्रत्येकाने लाटेकच शिकावे असा माझा हट्ट नाही. दहा पानांच्या निबंधासाठी ते म्हणजे ओढा ओलांडायला होडी. सूत्रे दोन-तीनच असतील तर लिबरऑफिस पुरते. तेही फुकट आहे आणि त्यातही सूत्र शब्दांनी सांगता येते. तेथे एकच पथ्य पाळावे. शीर्षक हाताने मोठे आणि ठळक करू नये, त्याला 'शीर्षक' ही शैली द्यावी. तसे केले की अनुक्रमणिका एका कळीत तयार होते. पान क्रमांक हाताने टाकून अनुक्रमणिका करणारे आणि एक परिच्छेद वाढला म्हणून रात्रभर जागणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. आणि सूत्राचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते मजकुरात डकवणे हा तर आळसाचा कळस. ते ना शोधता येते, ना दुरुस्त करता येते. वजाबाकीसाठी संयोगचिन्हाची तोकडी रेघ आणि गुणाकारासाठी इंग्रजी एक्स हे अक्षर, हेही टाळावे.

शेवटी पीडीएफ झाली की एक चाचणी घ्यावी. तीतली एक ओळ उचलून कोऱ्या पानावर चिकटवावी आणि आपले नाव शोधून पाहावे. युनिकोड असूनही कधी कधी देवनागरी पीडीएफमधल्या वेलांट्या पुढेमागे होतात, म्हणून मूळ फाईल जपून ठेवावी आणि विभागाला दोन्ही द्याव्यात.

काही प्राध्यापक आणि विद्यार्थीही म्हणतील की हे टंकलेखकाचे काम, विद्यार्थ्याने विचार करावा. हे मला पटत नाही. छेदातला 'वजा १' कंसात आहे की बाहेर, हे दुकानातल्या माणसाने कसे ठरवावे? ते विचारांचेच काम आहे. शिवाय दुकानातले पैसे सर्वांनाच सारखे झेपतात असेही नाही. प्रत्येक दुरुस्तीला नवे पैसे पडू लागले की माणूस दुरुस्ती करायचे सोडतो. चूक दिसत असते आणि ती तशीच बांधणीत जाते.

या अंकाच्या संपादक मंडळाला आणि विभागांना माझी विनंती आहे. पुढील वर्षी लेख व प्रकल्प मागवताना युनिकोड फाईल स्वीकारली जाईल असे सूचनेत लिहावे, आणि प्रत्येक विभागाने शीर्षके, तक्ते व एक नमुना सूत्र बसवलेली कोरी फाईल विद्यार्थ्यांना द्यावी. संगणक कक्ष दुपारी दोननंतर बंद असतो. शनिवारी तो पाचपर्यंत उघडा राहिला तर पुष्कळांची सोय होईल. आम्ही चौघीजणी सत्र सुरू झाल्यावर दर शनिवारी तेथे बसणार आहोत. येणाऱ्याने आपला एक पान मजकूर आणि, कोणत्याही विषयाचे असो, एक सूत्र बरोबर आणावे. भूगोलाच्या मुलांकडे लोकसंख्येच्या घनतेचे असतेच. मानसशास्त्राची मुले सहसंबंध गुणांक आणतील तर उत्तम, त्यात वर्गमूळाच्या छताखाली दोन लांब बेरजा येतात.